भूल देणारे येईपर्यंत

आमच्या डेपोत तिला सगळे 'तोफ' म्हणतात. पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची छाती नाही. समोर ती 'बाई'. ती कंडक्टर, मी तिचा ड्रायव्हर. एकाच गाडीवर आम्ही इतकी वर्षं काढलीत की ती घंटी कशी मारते यावरून मला तिचं त्या दिवसाचं डोकं कळतं. दोन टोले सरळ पडले की सगळं ठीक. दोरी हिसकावून मारले की मी मागे वळून बघत नाही, मुकाट्याने गियर टाकतो.

गाडीत तिचा एक कायदा आहे. आधी उतरणारे, मग लेकुरवाळ्या, मग म्हातारी माणसं, आणि धडधाकट सगळ्यांत शेवटी. एकदा एक गृहस्थ तान्हं मूल घेतलेल्या बाईला कोपराने सारून आत घुसला. बाईने त्याला दारातच धरला. "साहेब, वय काय तुमचं?" तो गोंधळून म्हणाला, "चाळीस." "मग अजून वीस वर्षं थांबा. म्हातारे झालात की सगळ्यांच्या आधी घेते." अख्खी गाडी हसली आणि गृहस्थ निमूट खाली उतरून रांगेत उभा राहिला.

नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. राहते भावाकडे, दोन खोल्यांत. भाऊ गिलावा करणारा. काम असेल त्या गावाला जातो, महिना-महिना येत नाही, आणि घरी आला तरी त्याने गिलावा केलेल्या भिंतीइतकंच बोलतो. वहिनी गरीब स्वभावाची. तर त्या घरात बोलायचं काम आमच्या बाईकडे आणि ऐकायचं बाकीच्यांकडे, अशी सरळ वाटणी.

भावाला पहिली मुलगी झाली. आत्याने तिचं नाव काहीही ठेवलेलं असो, चालायला लागल्यापासून ती भिंगरीच. पण चालायच्या आधीची गोष्ट सांगायला हवी.

जन्मली तेव्हा त्या पोरीला शौचाची वाटच नव्हती. देवाने बाकी सगळं नीट दिलं आणि तेवढं विसरला. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं तेव्हा नर्सच्या लक्षात आलं. तिथल्या सर्जनने लगेच ऑपरेशन करून पोटावर, बेंबीच्या बाजूला, तात्पुरती वाट काढून दिली. मग व्हरांड्यात येऊन आत्याला समजावून सांगितलं : "घाबरू नका. असं होतं काही मुलांना. सहा-आठ महिन्यांची झाली की खालची वाट तयार करू, मग पोटावरची बंद करून टाकू. शाळेत जाईपर्यंत कुणाला कळणारही नाही."

सहा-आठ महिने! ती पोर चार वर्षांची होऊन गेली.

आधी म्हणाले, वजन भरू दे. वजन भरलं. मग त्या सर्जनची बदली झाली. म्हणाले, नवीन येतील. नवीन यायला दीड वर्ष गेलं, तोवर ती खुर्ची नुसती रिकामी पडून होती. नवीन आले तर लहान मुलांच्या श्वासनलिकेत घालायच्या नळ्याच संपल्या होत्या. मोठ्यांच्या होत्या खोकाभर. नळ्या आल्या तेव्हा भूल देणारे डॉक्टर रजेवर. ते आले तेव्हा ऑपरेशनच्या खोलीचं छत गळायला लागलेलं. प्रत्येक वेळी कारण खरंच असायचं, हीच तर पंचाईत. खोटं असतं तर बाईने तिथल्या तिथे पकडलं असतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं प्रत्येक जण सांगायचा, आणि आडात का नाही हे विचारलं की सगळे आढ्याकडे बघायचे.

आणि घरी? घरी पोटावर लावायच्या पिशव्या मिळायच्या, पण मोठ्या माणसांच्या मापाच्या. एवढ्याशा पोटाला ती पिशवी म्हणजे उंदराला पोत्याचा सदरा. वर तिचा डिंक कातडी सोलून काढायचा. शेवटी दोघी नणंद-भावजयांनी जुन्या मऊ सुती कापडाच्या घड्या करून बांधायला सुरुवात केली. आमच्या डेपोतल्या बायकांनी जुन्या चादरी आणून दिल्या. दिवसातून किती वेळा घडी बदलायची, कातडी कोमट पाण्याने पुसायची, मलम लावायचं, पुन्हा बांधायचं. ड्यूटी संपवून बाई घरी गेली की आधी ते कापड उकळायला टाकायची आणि मग स्वतःचा चहा.

भिंगरीला त्याचं काही नव्हतं. तिला वाटायचं सगळ्यांना पोटावरच असतं. गल्लीतल्या पोरांनी एक दिवस नाक दाबून तिला खेळातून काढलं तेव्हा तिला कळलं. रडली नाही. घरी येऊन आत्याला विचारलं, "आत्या, तुझं कुठंय? दाखव." बाई मला दुसऱ्या दिवशी सांगताना म्हणाली, "दादा, एवढी तोफ मी, आणि माझा बारच उडाला नाही." बालवाडीच्या बाईंनीही गोड आवाजात सांगून टाकलं, ऑपरेशन झालं की आणा हं.

नवीन सर्जन तरुण होता, जाड चष्म्याचा, कायम झोप अपुरी झालेला. माणूस सरळ. पहिल्याच भेटीत त्याने बाईला खरं ते सांगितलं.

"मी करू शकतो हे ऑपरेशन. शिकूनच आलोय. पण सगळ्या हॉस्पिटलला भूल देणारे डॉक्टर एकच आहेत. अडलेल्या बाळंतिणी त्यांच्याकडे, अपघातही त्यांच्याकडे. यादीत मुलांचं नाव लागतं, पण सगळ्यांत खाली. वरची संपेपर्यंत दुपार होते, स्टाफची पाळी संपते. दुसरे भूलतज्ज्ञ असते तर आत्तापर्यंत—"

"आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, डॉक्टर," बाई म्हणाली. "मी आत्याच आहे, मला मिशा नाहीत. जर-तर सोडा. तारीख सांगा."

त्याने तारीख दिली.

लहान मुलांच्या ऑपरेशनची तारीख म्हणजे काय असतं हे मला तेव्हा कळलं. आदल्या रात्री जेवण झालं की त्यानंतर पोटात काही नाही. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, कारण कधीही आत बोलावतील. मोठ्या माणसाला सांगता येतं. चार वर्षांच्या पोरीला काय सांगणार? भिंगरीने सकाळी बिस्कीट मागितलं, मग दूध, मग नुसतं पाणी, मग काही मागायचंच बंद केलं. शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता, असेल सहाएक वर्षांचा. सगळे त्याला गोट्या म्हणायचे. त्याच्या जांघेत गाठ यायची, रडला-खोकला की बाहेर, निजला की आत. आतड्याचा भाग खाली उतरतो म्हणे. त्याची आई विटांच्या भट्टीवर काम करणारी, हडकुळी, हसरी. ती बाईला म्हणाली, "साधंच ऑपरेशन आहे म्हणतात. अर्ध्या तासाचं काम."

ती दोन उपाशी पोरं एका खाटेवर बसून खोटं खोटं जेवण जेवत होती. भिंगरी हवेतून वाढायची, गोट्या हवेतून घास उचलायचा. "अजून घे," ती म्हणायची. "पोट भरलं," तो म्हणायचा. बाईला ते बघवेना, ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

दुपारी तीनच्या सुमाराला नर्स येऊन म्हणाली, "आज होत नाही. खायला द्या." पुढच्या महिन्यात या, म्हणाली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तेच उपास, तीच खाट, त्याच वेळी तीच नर्स. त्या नर्सचाही चेहरा उतरलेला. तिला काय हौस होती? गोट्याच्या आईने विचारलं, "आमचं साधंच आहे ना, मग लवकर नाही का होणार?" नर्सने सांगितलं, "साधं आहे म्हणूनच थांबू शकतं ना, बाई." हे वाक्य बाईने मला जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि पुढे ते माझ्याही डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

गोट्या आणि त्याची आई आमच्याच गाडीने यायची-जायची. भट्टीजवळच्या थांब्यावर चढायची. पोरगं माझ्या केबिनच्या जाळीशी उभं राहायचं आणि हॉर्न कधी वाजवणार ते विचारायचं. मी त्याच्यासाठी उगाच एकदा वाजवायचो.

तिसऱ्या तारखेच्या आठवडाभर आधीची गोष्ट. गोट्याची आई भट्टीजवळ चढली. गर्दी होती. बाई तिकिटं फाडत मागून पुढे येत होती. ती दिसली तशी बाईने सवयीने एक पूर्ण आणि एक अर्धं फाडून पुढे केलं आणि हसून म्हणाली, "कुठंय आपला हॉर्नवाला?"

ती म्हणाली, "ताई, अर्धं नको."

बाईला कळलंच नाही. "का? बरोबर नाही आणला?"

"नाही तो आता."

मी आरशात बघत होतो. बाईचा हात तसाच पुढे राहिला होता, हातात ते अर्धं तिकीट. मग घंटी झाली नाही, काही नाही, ती गोट्याच्या आईशेजारी सीटवर बसून गेली. इतक्या वर्षांत ड्यूटीवर बसलेली मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

झालं होतं ते असं. चार दिवसांपूर्वी सकाळी गाठ बाहेर आली ती आत जाईना. दगडासारखी झाली, पोरगं ओकायला लागलं. आईने उचलून हॉस्पिटलला आणलं. चष्मेवाला सर्जन तिथंच होता, हात धुऊन तयार होता. भूल देणारे दुसऱ्या खोलीत, एक बाळंतीण अडली होती तिच्यापाशी. त्यांनी तिला सोडून यायचं का? नाही. मग पोराला मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला पाठवा म्हणाले. गाडी आली, निघाली, आणि वाटेतच संपलं. साधं होतं ना. अर्ध्या तासाचं काम होतं. थांबू शकत होतं.

आणि आता ती कशाला चालली होती, तर कसल्याशा कागदावर तिचा अंगठा राहिला होता म्हणून हॉस्पिटलने बोलावलं होतं. तेवढ्यासाठी मात्र तारीख चुकली नव्हती.

त्या फेरीत पुढच्या थांब्यांवर चढलेल्या कुणाला तिकीट मिळालं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

तिसऱ्या तारखेला माझी साप्ताहिक सुट्टी होती. बाईचा भाऊ कामावर परगावी, वहिनीच्या अंगावर दुसरं तान्हं मूल. म्हणून मी बरोबर गेलो. खरं सांगायचं तर मला बाईच्या चेहऱ्याचीही धास्ती वाटत होती. गोट्याचं कळल्यापासून ती ओरडली नव्हती. प्रवाशांशी मऊ बोलत होती. तोफ मऊ बोलायला लागली की काहीतरी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

वॉर्डात त्या दिवशी पाच-सहा मुलं उपाशी होती. एकाचा हात भाजून आखडलेला, एकीचा ओठ फाटलेला, एक तान्हं तर सारखं आईच्या पदराशी झोंबत होतं आणि आई तोंड फिरवून रडत होती. सकाळ गेली. बारा वाजून गेले. बाई नर्सकडे गेली. "ताई, होणार आहे का नाही? नसेल तर पोरांना खायला तरी घालतो."

"अजून ठरलं नाही हो. ठरल्याशिवाय मी खायला द्या कसं म्हणू? चुकून बोलावलं तर?"

"ठरवणार कोण?"

नर्सने बोट वर केलं. वरच्या मजल्यावर मोठे साहेब बसायचे, हॉस्पिटलचे प्रमुख.

बाई माघारी आली आणि वॉर्डाच्या मधोमध उभी राहून तिच्या त्या गाडीतल्या आवाजात म्हणाली, "चला, सगळ्यांनी पोरं उचला. वर जायचंय." आयांनी एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी विचारलं, "ओरडतील का?" बाई म्हणाली, "ओरडायचं खातं माझ्याकडे. तुम्ही नुसत्या बसा." मी त्या भाजलेल्या मुलाला कडेवर घेतलं. जिना चढताना वाटेत रखवालदार आडवा आला. बाई त्याला म्हणाली, "बाजूला हो रे, उतरणारे आधी असतात, पण आम्ही चढणारे आहोत." तो का हसला कुणास ठाऊक, पण हसला आणि बाजूला झाला.

साहेब नुकतेच जेवायला बसले होते. टेबलावर डबा उघडलेला, नॅपकिन मांडीवर, भाजीचा गरम वास खोलीभर. वाईट माणूस नव्हता तो, हे मी मुद्दाम सांगतो. केस पांढरे, आवाज मवाळ. "काय आहे? काय आहे हे?" एवढंच म्हणाला.

"काही नाही साहेब, तुम्ही जेवा," बाई म्हणाली. "ही पोरं कालपासून उपाशी आहेत. खाली बसून कंटाळली. म्हटलं साहेबांचं जेवण तरी बघू दे." आणि तिने एकेक मूल टेबलासमोरच्या खुर्च्यांवर, जमिनीवर, ओळीने बसवलं. आया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

साहेबांच्या हातात घास होता. तो ना तोंडात जाईना, ना डब्यात.

पोरं डब्याकडे बघत होती. पोरांना काय माहीत मोर्चा कशाला म्हणतात. ती खरंच बघत होती. तेवढ्यात आमची भिंगरी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून म्हणाली, "आजोबा, तुमचं ऑपरेशन नाहीये का आज?"

साहेब म्हणाले, "नाही, बाळा."

"म्हणून तुम्हाला खायला देतात?"

साहेबांनी घास डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मग बाईकडे बघून म्हणाले, "हे योग्य नाही. मुलांचा असा वापर करणं योग्य नाही."

आणि मग तोफ डागली गेली.

"वापर? साहेब, मी वापर करते? ही पोरगी चार वर्षं पोटावर फडकी बांधून फिरते, तो माझा वापर आहे? भट्टीवरच्या बाईचा पोरगा इथे दोनदा उपाशी बसून गेला आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा मेला, त्याला कुणी वापरलं? कारण तुमच्या यादीत पोरं शेवटी. का शेवटी? ती ओरडत नाहीत म्हणून? त्यांची ओळखपाळख नाही म्हणून? माझ्या गाडीत लेकुरवाळी आधी चढते, साहेब, आणि मी सातवी शिकलेय. दोनच गोष्टी सांगा. आज होणार का? आणि नसेल होणार तर नर्सच्या तोंडून नको. तुम्ही स्वतः या पोरांना सांगा की जा, जेवा, तुमचं आज नाही."

साहेबांनी सुरुवात केली, की जागा मंजूर नाही, वर लिहिलेलं आहे, पाठपुरावा चालू आहे, एका भूलतज्ज्ञाला किती ठिकाणी... सगळं खरं होतं, मी म्हटलंच. दारात चष्मेवाला सर्जन कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. हिरव्या कपड्यांत, टोपी डोक्यावर तशीच.

"सर," तो म्हणाला, "भूलतज्ज्ञ एकच आहेत, हे मान्य. पण यादीचा क्रम आपण लावतो. उद्या सकाळी आठला पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन लावलंय. ते पेशंट हिंडतायत-फिरतायत, आठवडाभर थांबू शकतात. कुणाच्या चिठ्ठीवर ते पहिले आले हे तुम्हालाही माहीत आहे. आठ वाजता मूल घेतलं तर निदान वाट बघून उपाशी तरी मरणार नाही."

साहेब एवढे मवाळ, पण मान लाल झाली होती. शेवटी पोरांकडे वळले. खाकरले. "बाळांनो," म्हणाले, "आज... आज नाही होणार. जा, जेवून घ्या."

ते म्हणताना त्यांचा आवाज फुटला. मला सांगायला लाज नाही, मला जराही दया आली नाही. इतकी वर्षं हे वाक्य त्या नर्सने एकटीने म्हटलं होतं.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी की मंगळवारची सकाळ मुलांची ठरली. मंगळवारी आधी मुलं, मग मोठे. बाळंतीण किंवा अपघात आला तर तेवढा अपवाद. त्यासाठी नवीन माणूस लागला नाही, नवीन खोली नाही, नवीन यंत्र नाही. नुसता क्रम बदलला. म्हणजे हे आधीही होऊ शकत होतं. गोट्या असताना होऊ शकत होतं. याचा मला जितका राग येतो तितका कशाचाच येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की आमच्या डेपोला तक्रार आली : महिला वाहकाने रुग्णालयाच्या कामात अडथळा आणला. डेपो मॅनेजर म्हणाला, "बाई, वरून आलंय, काहीतरी करायलाच हवं मला." चोर सोडून संन्याशाला फाशी. बाईला गाडीवरून उतरवलं आणि चौकशीच्या खिडकीत बसवलं, गाड्यांच्या घोषणा करायला. म्हणजे शिक्षा म्हणून तोफेच्या हातात माइक दिला! ज्याने हा आदेश काढला त्याच्या अकलेला आम्ही डेपोभर मनातल्या मनात सलाम केला.

हॉस्पिटलकडे जाणारी गाडी लागली की बाईची घोषणा ठरलेली : "लहान मुलांना ऑपरेशनसाठी नेणाऱ्यांनी ऐका. मंगळवारी सकाळी पहिला नंबर मुलांचा आहे. कुणी नंतर या म्हटलं तर 'का' म्हणून विचारा. पोराला उपाशी ठेवलं असेल तर दर तासाला विचारा." डेपो मॅनेजरने दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा त्याचीच बहीण आपल्या मुलाला घेऊन ती घोषणा ऐकून मंगळवारी गेली, त्यानंतर त्याने समज देणं सोडलं.

भिंगरीचं ऑपरेशन दुसऱ्याच मंगळवारी झालं. सकाळी आत नेली. चष्मेवाला बाहेर आला तेव्हा टोपी काढून घाम पुसत होता, म्हणाला, "चांगलं झालं." वहिनी त्याच्या पाया पडायला वाकली तर तो दोन पावलं मागे सरला. काही महिन्यांनी पोटावरची वाटही बंद केली. त्या दिवशी घरातल्या फडक्यांचं गाठोडं बाईने स्वतः बाहेर नेऊन टाकलं.

गोष्ट इथं संपली असती तर मी पेढे वाटले असते. पण वाट झाली म्हणून ताबा आला असं नसतं, हे आम्हाला कुठं माहीत होतं? पोरीला कळतच नव्हतं, कपडे खराब व्हायचे. बाई तिला घेऊन सर्जनकडे गेली. त्याने तपासलं, मग म्हणाला, "मी खात्रीने नाही सांगू शकत. पण हे वर्षाच्या आत झालं असतं तर शरीर ते शिकलं असतं, अशी शक्यता बरीच जास्त होती. आता रोज सकाळी खालून नळीने पाणी सोडून पोट धुवावं लागेल. तसं केलं की दिवसभर ती कोरडी राहील. शाळेत जाईल, खेळेल. कदाचित मोठी झाल्यावर सुधारेल."

रोज सकाळी. म्हणजे किती वर्षं? बाईने विचारलं नाही.

तोवर तिला परत गाडीवर घेतलं होतं. दुपारच्या फेरीला शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी उभी होती, तेव्हा तिने मला हे सांगितलं. मी आपला समजूत घालायला गेलो. म्हटलं, "बाई, उशिरा का होईना, निदान झालं तरी."

ती माझ्यावर अशी उसळली की झाडावरचे कावळे उडाले.

"'निदान' हा शब्द माझ्यापुढे काढायचा नाही, दादा! निदान पोरगी जगली, निदान ऑपरेशन झालं, निदान डॉक्टर चांगला मिळाला. तिच्या आजाराचं निदान जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी झालं होतं. त्यानंतर चार वर्षं सगळे नुसते 'निदान, निदान' करत राहिले. आणि लोक मला काय म्हणतात? आत्या असावी तर अशी! का असावी? ज्या पोराची आत्या मुकी आहे त्याने काय करायचं? गोट्याची आई भांडायला आली नाही म्हणून तिचं पोर गेलं, असं म्हणायचं का मी? एवढासा जीव बरा व्हायला घरात एक भांडकुदळ बाई लागते, हा कुठला न्याय?"

मी गाडी सुरू केली.

भिंगरी आता शाळेत जाते. पहिल्या आठवड्यात वर्गाच्या बाईंनी तक्रार केली, आत्या जाऊन भेटली, आणि तो वर्ग वरच्या मजल्यावरून खाली, संडासाच्या जवळच्या खोलीत आला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. रोज पहाटे आत्या आणि वहिनी मिळून तिचं पोट धुतात. पोरगी तोवर पाढे म्हणते. चुकीचे म्हणते, पण जोरात.

यंदा मोठे साहेब निवृत्त झाले. नवीन साहेब आले. पहिल्या महिन्यात मंगळवार तसाच राहिला. मग एका मंगळवारी कुणा ओळखीच्या माणसाचं तातडीचं म्हणून आधी घेतलं. मग महिन्यातून दोनच मंगळवार. कुणी आदेश काढला नाही, कुणी बंद केलं म्हणाला नाही. हळूहळू मुलं पुन्हा खाली सरकली, तेवढंच. चष्मेवाल्यानेच बाईला फोन करून सांगितलं.

परवा तिने रजा टाकली आणि गेली. माझ्याबरोबर बदली कंडक्टर होता, त्याचा आवाज पहिल्या सीटपर्यंतही पोचत नव्हता. परतीच्या फेरीला हॉस्पिटलच्या थांब्यावर ती उभी दिसली. चढली, माझ्या मागच्या सीटवर बसली आणि चपला काढून पाय चोळायला लागली.

"काय म्हणाले नवीन साहेब?" मी विचारलं.

"भेटलेच नाहीत. मीटिंगमध्ये होते. बाहेरचा माणूस म्हणाला, बघू."

"मग?"

"मग काय मग? 'बघू' म्हणे! खाली वॉर्डात चार पोरं उपाशी बसलीत, त्यातलं एक तान्हं आहे. त्या आयांना मी सांगून आलेय, उद्या सगळ्या मिळून वर जाऊ." तिने चपला घातल्या. "गाडी आधी डेपोत घ्या, दादा. उद्याचीही रजा टाकायचीय मला."